पांढरी पाच आणि काळी चारच्या मधात

२१ एप्रिल, सोमवार

साडेचारशेच्या एसएमपीएसची खरी किंमत आज मांडून पाहिली.

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातली किंमत रुपये साडेसहाशे. दोन वर्षांपूर्वी समतानं दिले, मी घेतले. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. परवा तो फुटला तेव्हा एकटा गेला नाही. सोबत मदरबोर्ड नेला, हार्ड डिस्क नेली. डिस्कवर कलामावशीची एकोणीस गाणी होती, तीही गेली. पहिल्या दोन वस्तूंचा भाव मला तोंडपाठ आहे. तिसरीपुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून ही वही काढली.

कलामावशी आमच्या पिंपळगाव राजाची. वय अडुसष्ट. निंदताना, कापूस वेचताना, जयंतीला, बारशाला गात आली. गाणी तिचीच, तिनंच जुळवलेली, एकही कागदावर नाही. तिच्या गळ्यात गाठ आहे. पंधरा मेला अकोल्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही. म्हणून तिची लेक समता (झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे) घरी माइक लावून गाणी भरून घेत होती. एकोणीस झाली होती.

समतानं तो जळका डबा काउंटरवर ठेवला. वास अजून येत होता.

"भाऊ, हा साडेचारशे वॅटचा होता ना?"

"म्या साडेचारशेचा म्हनलं होतं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हाव. वॅट नव्हतं म्हनलं तुम्ही. आता आठवलं."

आवाजात टोमणा नव्हता. माझे कान तिखट आहेत, असता तर ऐकू आला असता. बरं वाटलं.

डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असतं. कशाचे साडेचारशे ते कुठंच लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक वॅट समजतं. आम्ही फक्त 'चा' म्हणतो.

ती गेल्यावर माझा भागीदार वकार स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "झूट नाई बोल्ला भाऊ तू."

"तेच म्हणतो मी."

"खरं बी नाई बोल्ला."

२२ एप्रिल, मंगळवार

समताला फोन केला. म्हटलं, नवीन मशीन मी बांधून देतो, माझ्याकडून. ती म्हणाली, "मशीन नको भाऊ. गाणी पाहिजेत."

मग तिनं अडचण सांगितली. अशी अडचण पंचवीस वर्षांच्या धंद्यात कुणी आणली नव्हती.

गाणी दुपारी एक ते चारमध्येच भरता येतात. सकाळी पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, कोंबडे. संध्याकाळी भोंगे आणि पोरं. दुपारी मात्र सगळं गाव झोपतं. खोली वरची, टिनाची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद, कारण माइक सगळं ऐकतो. म्हणजे आत चव्वेचाळीस डिग्री. त्यात जुनी मशीन दर अर्ध्या तासाला तापून बंद पडे, आणि चालू असली की गिरणीसारखी घरघर करी. बाहेर ठेवावी तर पश्चिमेची गॅलरी, दुपारी तिथं लोखंड चटके देतं.

म्हणजे भट्टीत बसून गार राहील आणि तोंड उघडणार नाही अशी मशीन पाहिजे.

"अशी तं सासू बी नाई भेटत," वकार म्हणाला.

पण मला रात्रभर हुरूप होता. मी काही शाळेत शिकून कॉम्प्युटरवाला झालो नाही. तेराव्या वर्षी खामगावात मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार ओढायला लागलो. मग स्टॅबिलायझर बनवले, मग उन्हाळी कूलर, मग हे. हवा आणि वीज, दोन्हींशी माझी जुनी ओळख आहे. आजही मोटारसायकलवरून जाताना कुणाच्या विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग जाणार आहे ते मी रस्त्यावरून सांगतो. आतापर्यंत एकदाच चुकलो, आणि तेव्हा ती मोटर नव्हती, थ्रेशर होता.

२४ एप्रिल, गुरुवार

आज कॅबिनेट. अकोल्याहून पाच मागवले, दोन दुकानात होते. सातही ओळीत मांडले. दुकान बारशाच्या घरासारखं दिसायला लागलं.

पहिली परीक्षा बोटाच्या पेरानं. पत्रा वाजवायचा. पातळ पत्रा 'ठण्ण' म्हणतो. पंखा फिरला की तोच पत्रा दिवसभर थरथरणार. जाड पत्रा 'ठप' म्हणतो आणि गप्प बसतो. तीन कॅबिनेट इथंच गेले.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. पुढं उदबत्ती धरायची, आत पंखा चालू, धूर कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते पाहायचं. पुढं काच लावलेले, सात रंगांचे दिवे फिरणारे दोन होते. धूर काचेवर आपटून माझ्याच डोळ्यात आला. पोरं हेच मागतात. आत पंखे तीन, पण नाक दाबलेलं.

"दिखता कैसा है, थे पाह्य ना," वकार म्हणाला.

"नवरदेव पाहाले आलो का?"

कूलर बनवणाऱ्याला एक गोष्ट कळते जी इंटरनेटवरच्या पोरांना उशिरा कळते. कूलर लावून समोरची खिडकी बंद ठेवली की घर गार होत नाही, नुसतं ओलं होतं. आत घेतलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. गिऱ्हाईकांना हे सांगून सांगून माझा घसा बसला. कॅबिनेटचंही तेच. पुढून घे, मागून आणि वरून सोड.

राहिले दोन. त्यातल्या काळ्या, जाळीच्या तोंडाच्या कॅबिनेटची धूळ अडवणारी जाळी चुंबकावर बसवलेली, एका हातानं निघते, नळाखाली धुता येते. आमच्याकडे सरकी-कापसाचे तंतू हवेत उडतात. महिन्याभरात पंख्याला दाढी येते. ज्यानं कुणी ही जाळी अशी बसवली, तो कधी खामगावला आला नसेल, पण आला असता तर त्याला मी जेवायला नेलं असतं. कडा सगळ्या घासून गुळगुळीत केलेल्या. सात कॅबिनेट उघडले, माझी बोटं चार ठिकाणी कापली. या एकानं रक्त काढलं नाही.

घेतला.

२६ एप्रिल, शनिवार

प्रोसेसर गार ठेवायचं काय ते आज. दुकानामागच्या टिनाच्या कोठीत दुपारी दोन वाजता बसलो. थर्मामीटर त्रेचाळीस. बायकोला वाटलं मी तिच्याशी भांडून तिकडे गेलो.

प्रोसेसरच्या चार कूलरांतला एक पाण्याचा होता. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरमधून काढतो. दिसायला झोकदार, गार ठेवण्यात पहिला. पण मी जुनी युक्ती केली: लांब पेचकसाचं टोक पंपावर, मूठ कानामागच्या हाडावर. बेअरिंग असं ऐकतात. आत कुणीतरी हुक्का ओढत होतं. बारीक, पण होतं. माइक तिथून चार हातांवर. नाही जमणार.

दुसरे दोन छोट्या पंख्याचे. छोटा पंखा फार धावतो तेव्हा कुठे थोडी हवा देतो, आणि धावताना ओरडतो.

चौथा धातूच्या पत्र्यांचा मनोरा, वीतभर उंच, वर मोठा पंखा. पंखा इतका सावकाश फिरतो की पाती मोजता येतात. दीड तास प्रोसेसरला कामाला जुंपलं. अठ्ठ्याऐंशी डिग्रीवर जाऊन थांबला, पुढं सरकला नाही. गाणी भरताना यातलं चौथाई काम नसेल. पेचकस लावला. काही नाही. वकारला म्हटलं, तू ऐक. तो म्हणाला, "बंद हाये."

"चालू हाये बे."

त्यानं बोट घातलं आणि पटकन काढलं. त्या क्षणी मला त्या पंख्याचा जो अभिमान वाटला तो माझ्या पोराच्या बारावीच्या निकालाला वाटला नव्हता. ही वही पोराच्या हाती लागू नये.

२७ एप्रिल, रविवार

दुकान बंद ठेवून एसएमपीएस तपासले. हे आधी, पंचवीस वर्षांपूर्वी, करायला पाहिजे होतं.

ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे बारा व्होल्टचे दहा बल्ब पाटीवर ठोकले. एकेक पंचावन्न वॅटचा. जितके पेटवील तितकी ताकद. छापलेलं काहीही असो, बल्ब खोटं बोलत नाही.

आमचा 'साडेचारशेचा' आधी लावला. एक, दोन, तीन. चौथ्या बल्बाला सगळे पिवळे झाले, पाचव्याला वास सुटला, मी वायर ओढली. म्हणजे धड दोनशेवीसचासुद्धा नाही. उघडला. जिथं तारेची वेटोळी असायला हवीत तिथं बोर्डावर नुसत्या रिकाम्या खुणा, आणि त्यांच्यावरून एक साधी तार टाकलेली. जागा छापली, वस्तू बसवलीच नाही. हे मी गेल्या वर्षात किती विकले ते मोजलं नाही. मोजणार आहे.

मग साडेपाचशे वॅटचा, ज्यावर वॅट हा शब्द लिहिलेला आहे, तो लावला. दहाही बल्ब पेटले. कोठीत लग्न लागल्यासारखा उजेड. अर्धा तास तसाच. हात लावला तर कोमट.

तोही उघडला, गॅरंटी गेली तरी. वकार डोक्याला हात लावून बसला. पण आतलं पाहून तोही वाकला. सोल्डरचा प्रत्येक डाग सारखा, मण्यासारखा. मोठ्या वेटोळ्यांना पांढरा गोंद लावलेला, थरथरून गुणगुणू नयेत म्हणून. हे झाकण कुणी उघडणार नाही हे लावणाऱ्याला ठाऊक होतं. तरी लावलेला.

"कोनी पाह्यत नाई तिथं बी साफ काम," वकार म्हणाला. "नमाजी आदमी असन."

"नाहीतर बाई असेल," मी म्हणालो. "माझी माय चूल अशी सारवायची, मागची बाजूसुद्धा."

कागदावर नोंद केली: ५५० वॅट खरे. शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट, कुठल्याही व्होल्टेजवर चालतो. काम हलकं असलं तर पंखा फिरतच नाही. उत्तम.

२९ एप्रिल, मंगळवार

बांधली. डिस्क दोन टाकल्या, एकीवरचं आपोआप दुसरीवर जाईल.

दुकानाचं शटर ओढून, रस्ता शांत झाल्यावर, मी आणि वकार तिच्या दोन बाजूंना बसलो. चालू की बंद ते कळायला हात लावावा लागतो. मी खात्रीनं लिहितो: पिंपळगाव राजापासून संग्रामपूरपर्यंत इतकी गप्प मशीन कुणाच्या घरात नाही. जिल्ह्यात नसेल. या मशीनला आवाजच नाही.

१ मे, गुरुवार

पिंपळगावला जाऊन बसवून आलो.

कलामावशी खाली ओट्यावर तूर पाखडत होती. गाठ लिंबाएवढी दिसते. मला पाहून म्हणाली, "काय गा इंद्रभान, मह्या गान्याइले जाळून आता तोंड दाखवाले आला?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"बस, चहा घे. गानी कुठी जात नाईत. मह्या पोटात हायेत. डब्बाच जळला."

वर गेलो. भिंतीच्या बोर्डात मीटर लावून पाहिलं: एकशे बहात्तर व्होल्ट. दुपारी सगळ्या शेतातल्या मोटरी चालू असतात. एवढ्या कष्टाची मशीन मी अशा विजेवर सोडतो की काय! गाडीत माझा स्टॅबिलायझर होताच. माझ्या हाताची वाइंडिंग, शुद्ध तांबं, अठरा किलो. असे तीनशे मी या जिल्ह्यात दिले आहेत आणि एकही परत आला नाही. टेबलाखाली ठेवला, मशीन त्याच्यावर जोडली. दोनशे तीस, काटा हलेना.

समता म्हणाली, "भाऊ, हा कसा..." आणि थांबली.

"हा भेट हाये," मी म्हणालो. "बोलू नको काही."



चाचणीला मावशी गायली. मी कोपऱ्यात, घाम पुसायचीही चोरी.

'माह्या दारापुढं वाट, वाटेनं शाळा जाते
माही लेक पाटीवर माहं नाव लिहिते'

हे गाणं मी सहा वर्षांचा असताना निंदणीच्या बायांच्या ओळीत ऐकलेलं. तेव्हा समता जन्मलेली नव्हती. मावशी कुणाच्या लेकीचं गात होती तेव्हा?

गाणं संपलं. समतानं हेडफोन लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग मावशीकडे पाहिलं, मग टेबलाखाली.

"कसं आलं?"

"आईचा आवाज हलला नाही," ती म्हणाली. "वर्षात पहिल्यांदा."

मशीनची करामत. घरी येताना गाडीत मी गात होतो.

३ मे, शनिवार

आज गोकुळ आला. मावशीबरोबर तीस वर्षं पेटी वाजवतो; दिवसा पिठाची गिरणी, रात्री पेटी. पहिल्याच गाण्याला थांबला.

"मावशी, पट्टी कोनती?"

"हीच."

त्यानं पांढरी पाच दाबली, मग शेजारची काळी चार. पेटीच्या पट्ट्यांची ही नावं मला आज कळली. या दोघींच्या मध्ये तिसरी पट्टी नसते. तो पुन्हा पुन्हा दाबत होता. "धड पांढरी पाच नाई, धड काळी चार नाई. मधातच कुठी तरी लावून राह्यली तू."

"म्या बरोबर लावून राह्यली. तुही पेटी पाह्य."

तिसऱ्यांदा पेटी मिटून तो उठला. मी जिन्यात समजूत काढली: गिरणीचं पीठ गेलं असेल पेटीत, जुनी झाली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या मागे सरलो.

गाणी पेटीविना भरतो आहोत. आतापर्यंत सात.

६ मे, मंगळवार

शाळेला सुट्ट्या लागल्यानं समता रोज बसते. आता चौदा. दर दिवसाआड दुकान वकारवर टाकून मी जातो. तिथं माझं काम काही नाही, मशीन बंद पडत नाही, आज खोलीत पंचेचाळीस होते. मी नुसता ऐकायला जातो.

एक लिहून ठेवतो. मावशी गाणं सुरू करण्याआधी डोळे मिटते आणि मान टेबलाकडे कलती करते. आज समतानं मशीन चालू करायच्या आधीच मी म्हटलं, मावशी, तोवर एकदा गाऊन पाहा. ती म्हणाली, "आंधी तुहा डब्बा लाव. त्याच्याबिगर जमत नाई."

इतका विश्वास! माणूस यंत्राला घाबरतं, ही त्याच्या आधारानं गाते.

गाणी कुठून काढते कळत नाही. आज विहिरीवरचं एक गायली. गावची विहीर आमच्यासाठी उघडली त्या दिवसाचं. पाण्याचं वर्णन एका शब्दानंही नाही. सगळं गाणं दोराबद्दल. दोर नवा होता, हाताला सोलत होता, एवढंच. मी बाहेर जाऊन तोंड धुवून आलो.

९ मे, शुक्रवार

बावीस. आज दोनच झाली. खोकला आहे. गिळताना त्रास होतो पण सांगत नाही; पाणी पिताना तोंड भिंतीकडे करते. सहा दिवस राहिले.

समताला विचारलं, एकूण किती असतील? ती म्हणाली, "आई म्हनते, मोजून ठेवली नाईत, लागली तशी केली."

१० मे, शनिवार

आज वकारला सोबत नेलं. खरं सांगायचं तर मिरवायला नेलं. म्हटलं, चल, आपली मशीन आपल्या जागी कशी गप्प बसते ते पाहा.

वकार दारात चपला काढतानाच म्हणाला, "भाऊ, ये भुनभुन कायची?"

"कायची भुणभुण?"

"अरे ये काय!" तो सरळ टेबलाखाली वाकला, स्टॅबिलायझरवर हात ठेवला, मला हात धरून खाली ओढलं आणि माझा तळवा त्याच्यावर दाबला. लोखंड बारीक थरथरत होतं. मी म्हटलं, ते तर असतंच. ट्रान्सफॉर्मर आहे, वीज आहे, एवढं असणारच. त्याला काय आवाज म्हणतात?

वकारनं मशीन बंद केली, तिची पिन काढून थेट भिंतीत लावली आणि स्टॅबिलायझरचं बटन पाडलं.

खोली अशी झाली की कानात पाणी जावं आणि एकदम निघावं. मला त्या खोलीत पहिल्यांदा शांतता ऐकू आली. तेराव्या वर्षापासून ज्या आवाजात बसलो, जेवलो, झोपलो, तो मला आवाज वाटतच नव्हता.

"काऊन बंद केला गा?" मावशी चटईवरून म्हणाली. "माहा सूर गेला ना."

ती माझ्याकडे वळली.

"इंद्रभान, थो डब्बा तू सुरासाठीच ठेवला ना? मले वाटलं, पोरानं डोकं चालवलं. गाठ झाली तईपासून माहा सूर घसरे. तुहा डब्बा हलत नाई. पेटीवाला दमते, थो दमत नाई. म्या त्याचा हात धरून गाते."

मी समताकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी हेडफोनात आला होता," ती म्हणाली. "म्हननार होते. पन आईचा आवाज सरळ जाऊन राह्यला होता. अन् तुम्ही इतके खूश होते, भाऊ."

वकार एसएमपीएसचं लेबल वाचत होता. "शंभर से दोसौ चालीस. भाऊ, तूच लिवलं होतं. याले स्टॅबिलायझर लागतच नव्हता."

सात कॅबिनेट वाजवून पाहिले, चार कूलरना पेचकस लावला, एसएमपीएस उघडून पाहिले. माझ्या हाताचं होतं ते एकटं तपासलं नाही. त्याला काय तपासायचं, ते माझंच.

गोकुळला बोलावून आणलं. स्टॅबिलायझर पुन्हा चालू केला, त्यानं पेटीवर पांढरी पाच धरली, मग काळी चार; डबा दोन्हींच्या मधातच गुणगुणत होता. मग माझ्याकडे वळला.

"पीठ गेलं म्हने मह्या पेटीत!"

मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

११ मे, रविवार

आज स्टॅबिलायझर बंद ठेवून प्रयत्न केला. मीच आग्रह केला. स्वच्छ आवाज यावा, लोकांनी पुढं ऐकावं. मावशीनं तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीत सूर खाली सरकला. तिलाही कळलं. चौथ्यांदा तिनं तोंड उघडलंच नाही.

म्हटलं, मोबाईलवर तंबोऱ्याचा आवाज मिळतो, तो लावू. लावला. ती म्हणाली, "हा आवाज चांगला हाये. पन ह्याच्यात मले बसता येत नाई. चार दिवस राह्यले, आता नवा नवरा कायले?"

मीच वाकून बटन दाबलं.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात खीर वाटप, दुपारी खोली.

गोकुळ पेटी घेऊन आला. पेटी खोलून, आत काम करून आणलेली. मावशी ज्या सात-आठ सुरांत फिरते त्यांच्या पितळी पट्ट्यांची टोकं त्यानं काल दुपारभर गिरणीच्या ओट्यावर बसून बारीक कानसीनं घासली, स्टॅबिलायझर गुणगुणतो तिथवर चढवली. सूर लक्षात कसा ठेवला विचारलं. म्हणाला, "गिरनीची मोटर बी त्याच सुरात हाये. म्या रोज त्याच्यातच बसतो. पेटीवर कधी लावून नाई पाह्यला, एवढंच."

घासलेलं पितळ परत येत नाही. ती पेटी आता कुठल्याच गायकाला, कुठल्याच दुसऱ्या पेटीला जुळणार नाही. तिच्यावर त्याच्या बापाचं नाव कोरलेलं आहे.

पहिल्यांदा पेटी, आवाज आणि तो टेबलाखालचा, तिघं एकत्र बसले. मावशीनं डोळे उघडे ठेवून गायलं. सलग सहा.

मी आयुष्यभर चांगलं काम कान लावून ओळखत आलो. आज मावशी, गोकुळ आणि समता, तिघांचं ओळखलं, आणि तिघंही माझ्याकडे पाहत नव्हती.

१४ मे, बुधवार

शेवटचं दुपारी सव्वातीनला. अंगाई होती. दुसऱ्या कडव्यानंतर मावशी थांबली, म्हणाली, "याच्यापुढं अजून हाये, पन थे आठवत नाई. आठवलं तं सांगीन." समतानं बंदचं बटन दाबलं नाही, मावशी पाणी पिऊन येईपर्यंत माइक चालूच ठेवला.

उद्या पहाटे अकोला. गाडी माझी.

१६ मे, शुक्रवार

काल ऑपरेशन झालं. अडीच तास. गाठ निघाली, तपासायला पाठवली. डॉक्टर म्हणाले, आवाजाचं महिन्याभरानं सांगू, तोवर बोलायचं नाही. मावशीनं मला पाहून हात हलवला आणि बोटांनी हवेत चौकोन काढला: डब्बा. मी म्हटलं, सुखरूप आहे. दोन डिस्कवर आहे. आणि एक प्रत दुकानात.

संध्याकाळी शटर ओढून मी आणि वकार ऐकत बसलो. मशीन एकदाही तापली नाही, अडकली नाही, फाईल एकही खराब नाही. एकूण चौतीस गाणी. चौतीसही गाण्यांत, मावशीचा पहिला शब्द येण्याच्या आधी, माझा स्टॅबिलायझर ऐकू येतो.